सांभाळणारा मुलगा नियमात बसत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेले काही आठवडे आपल्या पत्रांच्या पानावर ‘पुरुषांवरील अन्याय’ हा विषय चांगलाच रंगला आहे. बायकांना एसटीत अर्धे तिकीट, मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ, लाडक्या बहिणींच्या खात्यात पैसे, मग आम्ही काय घोडे मारले आहे, असा एकंदर सूर. मी पुरुष आहे, अविवाहित आहे, चाळिशीला टेकलो आहे. केवळ पुरुष असल्यामुळे काही गोष्टी मला मिळू शकत नाहीत, हे मला कागदोपत्री ठाऊक आहे. तरीही या तक्रारींत माझा आवाज मिसळावा असे वाटत नाही, म्हणून हे लांबलेले पत्र. जागेअभावी कापावे लागले तर गणिताचा भाग कापू नये, एवढी विनंती. तो वर्तमानपत्रात एरवी येत नाही.

आधी एसटीचे उरकतो. 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे झाले. मिरज-सांगली गाडीत शेजारच्या बाईचे तिकीट निम्मे झाले म्हणून माझे दुप्पट झाले नाही. आयआयटीत 2018 पासून मुलींसाठी ज्या जागा आल्या त्या अधिसंख्य, म्हणजे आहे त्या जागांवर वाढवलेल्या. त्यात कुणा मुलाची जागा गेली नाही. 2024 ची फीमाफी 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींसाठी आहे, आणि ज्या गावात मुलगी बारावीनंतर थेट बोहल्यावर चढते त्या गावात तिचा उपयोग काय हे मी क्लासमध्ये रोज पाहतो. घटनेच्या 15 व्या कलमात लिंगावरून भेदभाव करू नये असे म्हटले आहे आणि त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात स्त्रिया व मुलांसाठी विशेष तरतूद करायला मुभा आहे. या गोष्टींवर वाद घालून हाती काही लागणार नाही. खरे पाणी दुसरीकडे मुरते आहे.

मी एका विद्यापीठात अल्जिब्राइक टोपॉलॉजी या विषयात पीएच.डी. करत होतो. हा विषय काय, हे आमच्या गल्लीत मला कधीच नीट सांगता आले नाही. ‘जॉमेट्रीसारखंच का रे?’ इथे गाडी अडायची. थोडक्यात असे : एखादा आकार ताणला, दाबला, वाकवला, पण फाडला किंवा चिकटवला नाही, तर त्यातले काय टिकून राहते, ते शोधायचे, आणि जे टिकते ते चित्रात न ठेवता बीजगणितात, गटांच्या रूपात उतरवायचे (गट म्हणजे असा संच, ज्यातल्या दोन गोष्टी जोडल्या की त्यातलीच तिसरी मिळते आणि प्रत्येक गोष्ट उलटवता येते). फ्रान्सच्या आंरी प्वांकारेने 1895 साली या विषयाचा पाया घातला. आकार डोळ्यांना दिसत नाही इतक्या मितींचा असला, तरी त्याचा गट कागदावर मांडून हिशेब करता येतो, ही त्यातली खुबी.

माझा कोपरा वेण्यांचा होता. थट्टा नव्हे. एमिल आर्टिनने 1925 साली वेण्यांचे गणित मांडले आणि आज त्यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. समतलावर तीन बिंदू घ्या. ते हवे तसे फिरू द्या, फक्त एकमेकांवर आदळू देऊ नका, आणि शेवटी ते तिघे मिळून मूळच्या तीन जागांवर परत आणा. जागांची आपसांत अदलाबदल झाली तरी चालेल. आता काळ हा उभा अक्ष धरून त्यांचा प्रवास काढलात तर तीन पेडांची वेणी तयार होते. दोन वेण्या एकाखाली एक जोडल्या की तिसरी मिळते, प्रत्येक वेणी उलट क्रमाने सोडवता येते, म्हणजे हा गट झाला. अशा न आदळणाऱ्या बिंदूंच्या सगळ्या मांडण्यांचे मिळून जे अवकाश बनते, त्याच्या पोटात किती आणि कसली भोके आहेत हे मोजायचे. शुद्ध वेण्यांचे, म्हणजे जिथे प्रत्येक पेड आपल्याच जागी परततो त्यांचे, हे मोजमाप रशियाच्या व्ही. आय. आर्नोल्डने 1969 साली पूर्ण केले. मी त्याच वाटेवर थोडा पुढे, जाळ्यावर फिरणाऱ्या बिंदूंपाशी काम करत होतो. दोन प्रकरणे लिहून झाली होती, तिसऱ्याचा सांगाडा तयार होता.

अशात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. वडील आधीच वारले होते. ताई इचलकरंजीला, शाळेत शिक्षिका, आणि तिच्या घरी तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी गाशा गुंडाळून मिरजेला आलो. महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट आहे असे गाईडना सांगून आलो होतो. साडेपाच-सहा वर्षे गेली.

पुरुष म्हणून पहिला दरवाजा बंद झाला तो इस्पितळात. फीमेल वॉर्डात रात्री नऊनंतर पुरुष नातेवाईक थांबू शकत नाही. नियम योग्यच आहे. इतर बायका असतात, कुणी बाळंतीण असते. पण आईजवळ थांबायला बाईमाणूस नव्हते. सिस्टर म्हणाल्या, ‘बहीण नाही का? वहिनी? मावशी-बिवशी कोणी?’ शेवटी रात्रीच्या मावशी पैसे देऊन ठेवल्या आणि मी जिन्याखालच्या बाकावर पथारी टाकली. आईची कूस दर दोन तासांनी बदलायला हवी, नाहीतर पाठीला जखमा होतात. मावशींना सात पेशंट. सकाळी आत गेलो की मी आधी आईची पाठ बघायचो.

फिजिओथेरपीच्या मॅडम तर फार मन लावून शिकवणाऱ्या. डिस्चार्जच्या दिवशी म्हणाल्या, ‘घरातल्या बाईंना पाठवा, व्यायाम दाखवून ठेवते.’ मी म्हटले, घरात बाई नाही, मलाच दाखवा. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग दाखवले, आणि जाताना वहीत लिहूनही दिले. औषधाच्या दुकानात मोठ्यांचे डायपर मागितले की ‘साइज मिसेसना विचारून या’ हे ठरलेले. या कुणाचाही माझ्यावर राग नव्हता. सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र होते : आजाऱ्याजवळ बाई असते आणि पुरुष बिल भरायला येतो.

घरी आल्यावर आईच्या केसांचा प्रश्न उभा राहिला. आडवे पडून पडून केसांच्या जटा होतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘कापून टाक बाबा, सुटशील.’ आईला बोलता येत नव्हते. तिने डाव्या हाताने शेपटा धरला तो सोडेना. मग मी शिकलो. खोबरेल लावून, टोकाकडून सुरुवात करून, बोटभर बोटभर वर जात गुंता काढायचा. वेणी मागे घालायची नाही, डोक्याखाली टोचते. ज्या कुशीवर झोपवायचे तिच्या उलट बाजूला, कानामागून घ्यायची. उजवा पेड मधल्यावरून, मग डावा पेड मधल्यावरून, पुन्हा उजवा. सहा वेळा असे झाले की तिन्ही पेड आपापल्या मूळ जागी येतात. या सहा वळणांच्या वेणीत प्रत्येक पेडाचे वरचे टोक त्याच्याच खालच्या टोकाला जोडून तीन वळी केली, तर त्यातली कुठलीही दोन एकमेकांत अडकलेली नसतात आणि तरी तिन्ही सुटी होत नाहीत. बोरोमियन वळी म्हणतात त्यांना. हे मी एम.एस्सी.च्या पोरांना फळ्यावर शिकवले होते. हाताने पहिल्यांदाच केले.

वेणी घालता घालता एखादे प्रमेय सुचले, अशी गोष्ट लोकांना आवडते. तसे काही घडले नाही. त्या वर्षांत माझ्याकडून गणित झाले नाही. अल्जिब्राइक टोपॉलॉजीचा अभ्यास म्हणजे आज एक पान, परवा अर्धे पान असा होत नाही. एकेक अनुक्रम डोक्यात उभा राहायला सलग चार-सहा तास लागतात, आणि दर दोन तासांनी गजर वाजत असेल तर तो उभा राहायच्या आधीच कोसळतो. पोटापुरते म्हणून गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेत होतो, पुढे डिप्लोमाच्या पोरांना एम-वन, एम-टू, म्हणजे गणिताचे पेपर, शिकवू लागलो. ते काम तुकड्या-तुकड्यांत जमते.

आता नियमांकडे येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला कमाल सहा वर्षे. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या उमेदवारांना आणखी दोन वर्षे. शिवाय महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. 2022 च्या नव्या नियमावलीत पुनर्नोंदणीची सोय आली. आता सर्वांना मिळून आठ वर्षे होऊ शकतात आणि महिलांना दहा. 240 दिवस तसेच आहेत. हे सगळे रास्त आहे आणि त्यातला एकही दिवस कमी करू नये. पण आईला किंवा बापाला सांभाळणाऱ्या पुरुषाचा उल्लेख दोन्ही नियमावलींत नाही.

आमच्या पीएच.डी. सेक्शनमधला क्लार्क भला माणूस होता. माझा मुदतवाढीचा अर्ज त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, ‘सर, आई आजारी हे कारण फॉर्मवर नाही. प्रसूती आहे, बालसंगोपन आहे, स्वतःचं आजारपण आहे. तुम्ही स्वतः आजारी पडला असता तर बघता आलं असतं.’ आणि मग आवाज खाली आणून, ‘एखादं सर्टिफिकेट आणा की.’ खोटे सर्टिफिकेट आणले असते तर आज नोंदणी शिल्लक असती असे वाटते. ते आणले नाही, नोंदणी रद्द झाली, गाईड मधल्या काळात निवृत्त झाले.

आई गेल्यावर वर्षभराने मी परत फिरायचे ठरवले. खंड पडलेल्यांना पुन्हा संशोधनात आणणाऱ्या योजना आहेत का ते शोधले. आहेत, आणि उत्तम आहेत. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची महिला वैज्ञानिक योजना या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाली. 2014 साली अशा योजना ‘किरण’ या नावाखाली एकत्र आल्या, पुढे तिचे ‘वाइज-किरण’ झाले. मुख्यतः घरच्या जबाबदारीमुळे ज्यांचे काम थांबले अशांसाठी ती आखली होती. वयाची अट 27 ते 57 अशी ऐसपैस ठेवली होती आणि विषयांत गणितही होते. ती माहिती वाचताना एकेक ओळ माझीच वाटत होती, एक शब्द सोडून. माझ्या माहितीतली एक बाई, मुलगा लहान म्हणून काही वर्षे घरी होती, याच योजनेतून परत आली आणि आज उत्तम काम करते आहे. तिची शिष्यवृत्ती मला नको आहे. तशीच एक खिडकी बाजूला उघडा, एवढेच म्हणणे आहे.

खंड पडल्यावर माणूस टोपॉलॉजीत परतू शकतो का, ही शंका रास्त आहे. तिला उत्तर आमच्याच वेण्यांच्या गणितात आहे. जोन बर्मन, जन्म 1927, न्यूयॉर्क. 1948 साली पदवी, मग कारखानदारीत नोकरी, मग संसार आणि तीन मुले. पुन्हा शिकायला लागल्या आणि 1968 साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांना पीएच.डी. मिळाली. 1974 साली त्यांनी वेण्यांच्या गटांवर लिहिलेला ग्रंथ आजही या विषयातल्या प्रत्येकाच्या टेबलावर असतो; त्यांच्या नावाचा ‘बर्मन अनुक्रम’ आम्ही ऊठसूट वापरतो. 2017 साली त्यांच्या आणि त्यांच्या पदार्थवैज्ञानिक पतीच्या नावाने, त्यांच्या देणगीतून, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीत स्त्री-गणितज्ञांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. ती फक्त स्त्रियांसाठी आहे, आणि त्यांच्या पिढीने जे सोसले ते पाहता त्यांनी तसे का केले हे कळते. खाजगी देणगीदाराने कुणाला द्यावे हा त्याचा प्रश्न. सरकारी नियमाचे तसे नसते.

सरकारी नियमाची गोष्ट निघाली म्हणून अमेरिकेतलाच एक खटला सांगतो. चार्ल्स मॉरिट्झ, डेन्व्हरचा, पुस्तक प्रकाशकाकडे नोकरी, फिरतीचे काम, लग्न केलेले नाही. घरी 89 वर्षांची परावलंबी आई. फिरतीवर असताना तिच्याजवळ थांबायला पगारी बाई ठेवलेली. 1968 च्या आयकरात त्याने त्या खर्चापोटी 600 डॉलरची वजावट मागितली. कायदा असा होता की ही वजावट कुठल्याही स्त्रीला मिळेल. पुरुषाला मिळेल ती तो विधुर किंवा घटस्फोटित असेल तर, किंवा त्याची बायको असमर्थ असेल तर. कधीच लग्न न केलेल्या मुलाला नाही. मॉरिट्झ स्वतःच करन्यायालयात उभा राहिला आणि हरला. त्याचे म्हणणे साधे होते : मी मुलगा नसून मुलगी असतो तर वजावट मिळाली असती. त्याचा निकाल वाचून एक जोडपे पुढे आले. नवरा मार्टिन गिन्सबर्ग करकायद्याचा वकील, बायको रूथ बेडर गिन्सबर्ग कायद्याची प्राध्यापिका, जी पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची न्यायमूर्ती झाली. 1972 साली अपील न्यायालयाने मॉरिट्झच्या बाजूने निकाल दिला.

त्यानंतरचा भाग मला जास्त आवडतो. सरकारने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि हा निकाल टिकला तर किती कायदे अडचणीत येतील हे दाखवायला लिंगभेद करणाऱ्या शेकडो कलमांची यादी, संरक्षण खात्याच्या संगणकावरून काढलेली, अर्जाला जोडली. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला घेतले नाही. पण स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या रूथ गिन्सबर्ग यांच्या हाती ती यादी आयतीच पडली. पुढची काही वर्षे त्यांनी ती कामाला लावली. एका अविवाहित मुलाच्या 600 डॉलरांतून हजारो बायकांचे भले झाले. पुरुषांच्या बाजूने बोलणे म्हणजे बायकांच्या विरोधात बोलणे, असे समजणाऱ्या आपल्या दोन्ही बाजूंच्या पत्रलेखकांनी हा खटला जरूर वाचावा.

आता आपल्याकडचे पाहा. महाराष्ट्र शासनाच्या 2018 च्या निर्णयाप्रमाणे राज्याच्या महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. पुरुषाला? पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर. मॉरिट्झच्या वेळच्या कायद्याची जवळजवळ हुबेहूब नक्कल, पन्नास वर्षांनी. केंद्राने एकट्या पुरुषाला, म्हणजे अविवाहित, विधुर, घटस्फोटिताला, ही रजा दिली ती बरीच बरी गोष्ट, पण तीही मुलांपुरती. आणि दुसरीकडे आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे. त्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात, सगळे सारखे. आईला टाकले तर मुलगा म्हणून न्यायाधिकरणापुढे उभा करणार, सांभाळले तर मुलगा म्हणून रजा, मुदत, शिष्यवृत्ती काहीच नाही. हे कुठल्या तर्कात बसते ते मला, तर्कावर पोट भरणाऱ्या माणसाला, अजून उलगडलेले नाही.

‘असे पुरुष आहेतच किती?’ हा प्रश्न मला एका प्राध्यापक बाईंनी विचारला, आणि तो बरोबर विचारला. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या माणसांची विनामोबदला काळजी घेण्यात एखाद्या दिवशी सहभागी असलेल्या स्त्रिया 27.6 टक्के आणि पुरुष 14 टक्के निघाले. स्वयंपाक, धुणीभांडी या कामांत तर 81.2 विरुद्ध 26.1, आणि वेळ 299 मिनिटे विरुद्ध 97. म्हणजे ओझे बायकांवरच आहे, त्यात शंका नाही, आणि योजनांचा मोठा वाटा त्यांच्याकडेच गेला पाहिजे. पण 14 टक्के म्हणजे साताला एक. नियमातून वगळून टाकण्याइतका हा आकडा लहान नाही. यातले संशोधन करणारे तर मूठभर, म्हणजे तिजोरीवर भारही मूठभर.

बाईंची दुसरी शंका होती की पुरुष खोटे दाखले काढतील, बायको राबेल आणि शिष्यवृत्ती नवरा घेईल. होईल तसे काही जणांचे. म्हणून कागद कडक मागा : इस्पितळाचा डिस्चार्ज कार्ड, रुग्णाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र, त्या काळात अर्जदाराला पूर्णवेळ पगार नव्हता याचा पुरावा, घरात दुसरे कोण होते याची नोंद. माझ्याकडे यातला प्रत्येक कागद आहे, अगदी एअर मॅट्रेस दुरुस्त केल्याच्या पावतीसकट. ब्रिटनमध्ये डॅफ्ने जॅक्सन या पदार्थवैज्ञानिक बाईंनी 1985 साली अशीच योजना सुरू केली. त्या तिथल्या पहिल्या स्त्री पदार्थविज्ञान-प्राध्यापक. सुरुवातीला ती परतणाऱ्या स्त्रियांसाठी होती. आज त्यांच्या नावाच्या न्यासाची शिष्यवृत्ती घरच्या कारणाने, कुणाची काळजी घेण्यामुळे किंवा आजारपणामुळे किमान दोन वर्षे खंड पडलेल्या कुणालाही मागता येते, स्त्री असो वा पुरुष. तिथे त्यामुळे स्त्रियांचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही.

माझ्या ताईचे एक वाक्य इथे लिहितो. आईच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक पाहुणा तिला फोन करून विचारायचा, ‘तू कधी येतेस सांभाळायला?’ तिची नोकरी, तिच्या सासूबाई, दहावीचा वर्ग, कुणाच्या हिशेबात नव्हते. ती एकदा वैतागून म्हणाली, ‘तो करतोय ना! तो करतोय हे कुणाला दिसतच नाही का?’ पाहुण्यांना दिसत नाही हे मी समजू शकतो. नियम लिहिणाऱ्यांनी चष्मा लावायला हरकत नसावी. शिवाय ‘माझं करिअर बुडेल’ म्हणून पुण्या-मुंबईहून न हलणाऱ्या भावांना आज हा नियमच निमित्त पुरवतो. मुदतवाढ मिळते म्हटल्यावर त्यातल्या काहींना तरी घरी यावे लागेल.

मागणी अगदी मोजकी आहे. पीएच.डी.च्या नियमावलीत महिला व अपंग उमेदवारांच्या वाढीव दोन वर्षांत ‘अंथरुणाला खिळलेल्या किंवा परावलंबी कुटुंबीयाची प्रत्यक्ष काळजी घेणारा उमेदवार’ एवढे शब्द घालावेत. याला सरकारचा एक पैसा लागत नाही. खंडानंतर परतणाऱ्यांच्या योजनांत, स्त्रियांच्या जागांना हात न लावता, अशा पुरुषांसाठी थोड्या वेगळ्या जागा ठेवाव्यात. आणि इस्पितळांनी फीमेल वॉर्डाचा रात्रीचा नियम खुशाल ठेवावा, पण ज्या बाईला मुलाखेरीज कुणी नाही तिच्यासाठी दाराजवळची एक पडदा असलेली खाट राखून ठेवावी. दोन तासांनी कूस बदलायला तेवढे अंतर पुरते.

मी सध्या पुन्हा नोंदणीच्या खटपटीत आहे. नवे गाईड तयार आहेत, शिष्यवृत्ती नाही. संध्याकाळचे क्लास चालू ठेवून सकाळी काम करतो. जाळ्यावरच्या बिंदूंचे ते तिसरे प्रकरण मधल्या काळात दुसऱ्या कुणीतरी, परदेशात, माझ्यापेक्षा चांगल्या रीतीने सोडवून छापले, तेव्हा विषयही थोडा बदलावा लागला आहे. आपल्या वाचकांत असे आणखी कुणी असतील, आई-वडिलांसाठी किंवा आजारी बायको-मुलासाठी संशोधन सोडलेले, विषय कुठलाही असो, तर त्यांनी आपल्या पत्त्यावर लिहावे आणि आपण ती पत्रे माझ्याकडे पाठवावीत. एकट्याचा अर्ज फायलीत जातो. दहा-वीस सह्यांचा, प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डाच्या प्रतीसह, आयोगाकडे नेऊन द्यायचा माझा विचार आहे. दिल्लीला जायची तयारी आहे.

आपला,
एक वाचक, मिरज
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)